जमिनीखालच्या एकसष्ट वस्तू

बुधवारी सकाळी पावणेनऊला पाणसळने कॉम्प्युटर चालू केला, रेल्वेची लाईन बांधायचा खेळ उघडला, आणि बघतो तर काय, त्याची सगळी हत्यारं जागेवरून गायब. पंचवीस वर्षं पडद्याच्या डाव्या कडेला बारीक चित्रांची एक रांग असायची. सरळ रूळ, वळणाचा रूळ, सिग्नल, खांब, झाड, माणूस, आणि सगळ्यात खाली जमीन वरखाली करायचं फावडं. कुणीतरी घाईघाईत काढल्यासारखी बेंगरूळ चित्रं होती ती, पण हात न बघता तिथे जायचा. आता तिथे एक कोरी राखाडी पट्टी होती, तीवर चार गोल ठिपके, आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत कसलीशी लांबलचक यादी. चोराने घरात शिरावं, काही न चोरता सगळी भांडी घासावीत, आपल्या मनाने फळीवर लावावीत आणि निघून जावं, तसला प्रकार. तक्रार तरी कशाची करणार? "काय हो, काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तो तोंडातून चकार शब्द बोलला नव्हता. पण अडतीस वर्षांच्या संसारात तिला त्याचं गप्प बसणंही वेगवेगळं ऐकू यायला लागलं होतं. "काही नाही," तो म्हणाला. "सुधारणा झालीय." सुधारणा हा शब्द त्याने असा उच्चारला की बायको हात पुसत दारापर्यंत येऊन बघून गेली.

पाणसळ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गवंड्याकडे पाणसळ असते ना, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा, तो मधोमध आला की थर सपाट झाला समजायचं, तिच्यावरून पडलेलं हे नाव. मोजणीच्या ऑफिसात नोकरीला लागला त्याच्या तिसऱ्याच दिवशी साहेबांच्या खोलीत, साहेब बोलत असताना, हा उठला आणि भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करून परत येऊन बसला. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. साहेब गार. त्या दिवसापासून चौतीस वर्षं तो पाणसळ, आणि निवृत्त झाल्यावरही पाणसळच, कारण या रेल्वेवेड्यांच्या टोळक्यात प्रत्येकाला टोपणनाव लागतं आणि त्याला दुसरं सुचलं नाही. टोळकं म्हणजे हे असले सगळे: कुणी दाताचा डॉक्टर, कुणी छापखान्यातला, कुणी शाळेत भूगोल शिकवून दमलेली बाई. घरात बसून कॉम्प्युटरवर रेल्वेची लाईन बांधायची, रूळ न् रूळ, पूल न् पूल, आणि बांधून झाली की तीवरून स्वतःच गाडी हाकायची. रविवारी सकाळी दहा वाजता पडद्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत गप्पा मारायचे. बायका-मुलं-नवरे याला खूळ म्हणत, आणि खूळच होतं ते. पण दारू नाही, जुगार नाही, माणूस डोळ्यांसमोर राहतो, तेव्हा चालवून घेत.

त्याच्या लाईनीची गोष्ट मात्र जराशी निराळी होती. बाकीचे कुठल्या ना कुठल्या खऱ्या लाईनीची नक्कल करायचे. याची लाईन कुठेच नव्हती. चोविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा मोजणीच्या कामावर गेला तेव्हा एक अडतीस किलोमीटरची रेल्वे आखायची होती. दोन हिवाळे तो तिपाई खांद्यावर टाकून त्या माळांवरून हिंडला. दर तीस मीटरवर माणसाने पट्टी धरायची, याने दुर्बिणीतून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. बोटं बधिर होत, पेन्सिल धरवत नसे, पण आकडा चुकला नाही. तीन वह्या भरल्या. मग वरून फाईल परत आली, तीवर कुणीतरी लिहिलं होतं, 'तूर्तास नको.' ते तूर्तास त्रेचाळीस वर्षं चाललंय. वह्या त्याच्याकडेच राहिल्या, मागायला कुणी आलं नाही, आणि पुढे हे खेळण्यातलं रूळ टाकायचं तंत्र निघालं तेव्हा त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर पहिली वही काढून पहिल्या पानावरचा पहिला आकडा भरला. पलीकडे स्टुलावर तेव्हा नऊ वर्षांची लेक बसली होती. "बाबा, ही गाडी कुठे जाते?" "अडतीस किलोमीटर." "तिथे काय आहे?" "शेवट आहे." तिने यावर जरा विचार केला आणि म्हणाली, "मग मध्ये कुणीतरी असायला पाहिजे ना, नाहीतर चढणार कोण?"

तर या लेकीचा सोमवारी निरोप आला होता. फोनवर नव्हे, लिहून. 'बाबा, ती आपली लाईन अजून आहे का? रविवारी आम्ही येतोय, हिला दाखवायचीय.' ही म्हणजे तिची पोरगी, पाच वर्षांची. निरोप लहानच होता, पण त्याने तो चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून वाचला, आणि जेवताना बायको कसलंतरी सांगत असताना त्याच्या डोक्यात 'आपली' हा एकच शब्द फिरत होता. लेकीचं आणि त्याचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवता तरी आलं असतं. तिचा फोन दर आठवड्याला यायचा. त्याने उचलला तर ती म्हणायची, "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." आणि तो द्यायचा. पंधरा-सोळा वर्षं तो बरा होता आणि फोन आईला देत होता. कधीपासून हे असं झालं हे त्याला सांगता आलं नसतं. आधी ती स्टुलावर बसायची, मग बसेनाशी झाली. अभ्यास वाढला असेल, मैत्रिणी मिळाल्या असतील. मुली मोठ्या होतात. असा त्याने हिशोब लावला होता, आणि हिशोब बरोबर दिसला की तो पान उलटायचा.

रविवारच्या आत लाईन ठाकठीक व्हायला हवी होती, आणि नेमकी हीच वेळ खेळ बनवणाऱ्या लोकांना सुधारणा करायला सापडली. जुना पडदा आता उघडतच नव्हता. लाईन उघडली की नवा पडदा आधी ती नव्या तऱ्हेने लिहून घेणार, मग आपल्या हातात देणार. नऊ वाजता दातांच्या डॉक्टरचा फोन आला. याचं टोपणनाव बोगदा, कारण तो लाईन कुठलीही घेवो, त्यात डोंगर घालायचा आणि डोंगरात बोगदे पाडायचा. आयुष्यभर लोकांच्या दातांत भोकं पाडली, हात थांबत नाही, असं तो स्वतःच म्हणायचा. "अरे पाणसळ, माझं फावडं कुठे ठेवलंय या लोकांनी?" "दुसऱ्या ठिपक्यात. दाबून धर." "दाबून धरलं तर माझा डोंगर सपाट झाला!" "मग सोड." "सोडलं तर तसाच राहिला!" दोघं हसले. भूगोलाच्या बाई म्हणे सकाळपासून रडकुंडीला आल्यात, छापखानावाल्याने तर खेळच सोडून देतो म्हणून जाहीर केलंय, म्हणजे संध्याकाळपर्यंत परत येईल. "आपली हाडं जुनी झाली रे," बोगदा म्हणाला. "कवळी नवीन बसवली की पेशंट पहिले पंधरा दिवस जिभेने जुने दातच शोधत असतो." पाणसळला हे पटलं. त्याने फोन ठेवला, लाईन उघडली, पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली, आणि एक चौकट आली. तुमच्या लाईनीत जमिनीखाली एकसष्ट वस्तू सापडल्या. काढून टाकायच्या?

आता इथे काय घडलं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं नसतं. वेंधळ्या माणसाने चौकट वाचलीच नसती, आणि नवख्याने वाचून 'नाही'वर टिचकी मारली असती. पाणसळने ती दोनदा वाचली. एकसष्ट? आपल्या लाईनीत जमिनीखाली एकसष्ट वस्तू कशा? कुठे जुने खांब राहिले असतील, कुठे आधी टाकलेलं कुंपण. काढून टाकण्याआधी बघितलं पाहिजे, एकेक बघितली पाहिजे. न बघता टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तेव्हा तूर्तास राहू दे, असं ठरवून त्याने एंटर दाबलं. जुन्या पडद्यावर पंचवीस वर्षं एंटरचा अर्थ एकच होता: राहू दे, चौकट मिटव. 'हो' म्हणायचं असेल तर मुद्दाम वेगळं बटण शोधून दाबावं लागायचं. नव्या लोकांनी तो अर्थ उलटा करून ठेवला होता. चौकट मिटली. उजवीकडच्या यादीत खाली कुठेतरी एक ओळ आली आणि हिरवी होऊन विझली. त्याला वाटलं, राहिलं. जित्याची खोड म्हणतात ती ही अशी असते, वाईट खोडच असायला पाहिजे असं नाही, चांगलीही पुरते. मग दुपारपर्यंत तो नवीन ठिपके शिकत बसला, दोन सिग्नल सरळ केले, एका पुलाचा रंग बदलला, आणि जेवून आल्यावर रोजच्या शिस्तीप्रमाणे लाईनीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. जुन्या प्रतीवर नवीन. एका कामाच्या दोन निराळ्या वह्या असल्या की कोणती खरी यावरून भांडण होतं, हे तो ऑफिसात शिकला होता. डिस्क कपाटात ठेवली, कपाट बंद केलं आणि झोपायला गेला.

गुरुवारी सकाळी त्या एकसष्ट वस्तू बघाव्यात म्हणून त्याने यादी उघडली. यादी चांगली होती, हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. लाईनीवरची प्रत्येक गोष्ट तिथे ओळीने लिहिलेली: काय आहे, कोणत्या किलोमीटरात, कधी ठेवली, आणि ठेवणाऱ्याने काही नोंद लिहिली असेल तर ती. नोंद! जुन्या पडद्यात वस्तूवर दोनदा टिचकी मारली की एक रकाना यायचा, नोंदीचा. त्याने आयुष्यात तो भरला नव्हता. खांबाला काय नोंद लिहायची? सगळ्यात खाली एक निराळं शीर्षक होतं: काढलेल्या वस्तू. काढलेल्या. त्याने ते परत एकदा वाचलं. त्याने उघडलं. सगळ्या चौदा ते पंधरा किलोमीटरमधल्या. खांब नव्हते, कुंपण नव्हतं. 'दुकान. नोंद: शिंपी. याचा एक पाय लहान आहे पण मशीन चालवायला तोच बरा.' 'बाई, उभी. नोंद: ही गाडीची वाट बघत नाही. नुसती उभी आहे.' 'शाळा. नोंद: आज सुट्टी.' 'कुत्रा. नोंद: नाव ठरायचंय. बाबांना विचारायचं.' 'कुत्रा. नोंद: त्याचा भाऊ.' 'विहीर.' 'माणूस, बसलेला. नोंद: हा बाबांना ओळखतो.'

तो वाचत गेला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, तेव्हा दुसरी सोय नव्हती, नऊ-दहा वर्षांच्या पोरीने एकेका बोटाने टाईप केलेलं. दोन उन्हाळ्यांच्या तारखा होत्या. त्या दोन उन्हाळ्यांत तो ऑफिसला गेला की लेक हे करत बसायची, हे त्याला माहीत होतं, म्हणजे खेळते हे माहीत होतं. संध्याकाळी आल्यावर तो स्वतःचं काम उघडायचा आणि पुढे न्यायचा. चौदा-पंधरामध्ये काही ठिपके दिसायचे, त्याला आठवलं, लाल छपरं किंवा तसलं काहीतरी. त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त उंची असायची. एकसष्टावी ओळ होती, 'पाटी. नोंद: गावाचं नाव बाबांनी ठेवायचं.' त्याने चष्मा काढला. जमिनीखाली! म्हणजे पोरीने हे सगळं जमिनीखाली लपवून ठेवलं होतं. आपण शोधू म्हणून. लपंडावात लहान मूल पडद्याआड उभं राहतं आणि आपण मुद्दाम इकडेतिकडे बघत 'कुठे बरं गेली' म्हणायचं असतं, तसं. आणि आपण म्हटलंच नाही. पंचवीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून गाडी नेत राहिलो, आणि शेवटी कळलं तेही आपल्याच हाताने पुसल्यावर. तो उठला, कपाटातली डिस्क लावली, बघितली. तिथेही चौदा ते पंधरा मोकळं. दोन्ही प्रती तंतोतंत जुळत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या शिस्तीचा राग आला, चीड आली, आणि ती कुणावर काढावी हे न कळून तो नुसता डिस्कवर हात ठेवून बसून राहिला.

"बैल गेला आणि झोपा केला," बोगदा फोनवर म्हणाला, मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "अरे, पण जागा तरी कळते का? कुठे काय होतं ते?" जागा कळत नव्हती. यादीत वस्तू होत्या, नोंदी होत्या, तारखा होत्या; पण वस्तूच गेल्यावर तिचा ठावठिकाणा कशाला ठेवायचा, असा विचार नव्या लोकांनी केला असावा. एक किलोमीटर जागा आणि त्यात एकसष्ट गोष्टी. "मग तूच ठेव ना अंदाजाने," बोगदा म्हणाला, "तिला काय आठवतंय." अंदाजाने. त्याने जन्मात अंदाजाने खिळा ठोकला नव्हता. शुक्रवारभर तो चौदा ते पंधरा किलोमीटर पडद्यावर पसरून बघत बसला. गुळगुळीत, स्वच्छ, वहीबरहुकूम जमीन. गवत. हा तुकडा त्याच्या अभिमानाचा होता. पहिल्यांदा बांधताना इथे एक चूक राहून गेली होती, पाच मीटर दहा सेंटिमीटरची. जमीन तेवढी खाली राहिली होती आणि गाडी एका खळग्यात उतरून परत वर यायची. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी तिसऱ्या वहीत त्याला ती चूक सापडली. एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत बसून त्याने अख्खा किलोमीटर वर उचलला होता. काय समाधान होतं ते! बुडबुडा मधोमध. लेक तेव्हा दारात येऊन उभी राहिली होती, हातात कसलातरी पेला होता, तिने काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं ते आठवत नव्हतं. मान न वळवता आपण काय म्हटलं ते आठवत होतं, कारण त्या काळात तिने काहीही विचारलं तरी तो एकच म्हणायचा. नकाशात बघ. नदी कुठून येते? नकाशात बघ. आपण कधी जायचं? नकाशात बघ. तिला शिस्त लागावी म्हणून.

बायकोला त्याने शनिवारी सांगितलं. लपवलेल्या वस्तूंचं, एंटरचं, सगळं. ती कपडे घडी करत ऐकत होती. "सांगा तिला," ती म्हणाली. "उगाच झाकून ठेवू नका." "रागवेल?" "तुमच्यावर?" बायकोने बाहीची घडी मोडून परत घातली. "तुमच्यावर रागवायचं तिने कधीच सोडलं हो." हे ती सहज म्हणाली, पुढच्या कपड्याला हातही घातला. पण त्याला ते जेवताना आठवलं, अंघोळ करतानाही आठवलं.

रविवारी ते आले. जावई बाजारात काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडला, नात बूट न काढताच खोलीत घुसली. "आजोबा, गाडी!" तिला मांडीवर घेऊन त्याने गाडी चालू केली, आणि नव्या पडद्याचा इतका राग करूनही त्याला वाटलं, दिसतंय मात्र सुंदर. लेक मागे उभी होती, खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, तो आपल्या खांद्यापासून किती लांब असेल हे त्याला न बघताही कळत होतं. नातीने शिट्टी वाजवली. दुसऱ्या पुलावर वाजवली, तिसऱ्या स्टेशनात वाजवली, जिथे वाजवायची नसते तिथे वाजवली. चौदावा आला. गाडी एका पातळीत, जराही न हलता, हिरव्या मोकळ्या जमिनीवरून जात राहिली. "इथे कुणीच राहत नाही?" नात म्हणाली. तो काही म्हणेपर्यंत मागून लेक म्हणाली, "नाही गं." नातीला मग कंटाळा आला. आजीने हाक मारली तशी ती मांडीवरून घसरून पळाली, आणि जाता जाता दारातून परत एकदा तोंडाने शिट्टी वाजवून गेली.

त्याने छापून ठेवलेले दोन कागद खणातून काढले आणि लेकीच्या हातात दिले. "तुझे आहेत. एकसष्ट. बुधवारी माझ्या हातून पुसले गेले." आणि मग एकदम सगळं बोलून टाकलं, जितकं तो एका दमात वर्षभरातही बोलला नसेल. नवा पडदा, चौकट, एंटर, डिस्क. लेक स्टुलावर बसली. तेच स्टूल होतं, तिचे गुडघे आता वर येत होते. ती वाचत होती. कुत्र्यापाशी हसली. "त्याचा भाऊ!" ती म्हणाली. "काय पण मी." तिचा चेहरा इतका मोकळा त्याने कित्येक वर्षांत बघितला नव्हता, आणि त्या धीरावर तो म्हणाला, "मला कळायला हवं होतं, बाळ. तू एवढं लपवून ठेवलंस, आणि मी एकदाही शोधलं नाही."

"लपवलं?" लेकीने कागदातून मान वर केली. "मी कशाला लपवू?"

"जमिनीखाली होते सगळे."

"बाबा, मी जमिनीवर ठेवले होते." ती नळ गळतोय म्हणून सांगावं तशा आवाजात बोलत होती. "शिंपी रस्त्याला लागून, बाई विहिरीपाशी. चांगलं गाव होतं माझं. तुम्ही जमीन वर घेतलीत."

त्याला पहिल्यांदा वाटलं, चूक आहे, असं होणार नाही. पण जमीन उचलली की तीवरच्या वस्तू आपोआप वर येत नाहीत, जिथल्या तिथे राहतात, हे जुन्या पडद्याचं त्याला पाठ होतं. म्हणून तर त्या दिवशी दुपार झाली होती. त्याने रूळ वर घेतले होते. सिग्नल वर घेतला होता. सत्तावीस खांब एकेक करून, पाच मीटर दहा, पाच मीटर दहा, मोजून वर घेतले होते. गवतसुद्धा नव्याने पेरलं होतं. आपलं ते सगळं वर घेतलं होतं. लाल छपरं पडद्यावर एकेक करून बुडत गेली असतील, आधी कुत्री, मग माणसं, मग विहीर, शेवटी शाळेचं टोक, आणि तो त्या वेळी उजव्या कोपऱ्यातला उंचीचा आकडा बघत होता.

"मी येऊन विचारलं होतं तुम्हाला," लेक म्हणाली. "गाव कुठे गेलं म्हणून. तुम्ही म्हणालात, नकाशात बघ."

"मग?"

"मग बघितला की नकाशा. भिंतीवर होता तो. दोन दिवस बघत होते." तिने कागदांची घडी घातली. "नव्हतं."

तो पडद्याकडे वळला. क्षमा माग म्हटलं असतं तरी त्याला ती कुठल्या उंचीवर मागायची असते हे माहीत नव्हतं. त्याने दुसरा ठिपका दाबून धरला, फावडं घेतलं, आणि चौदा ते पंधरा किलोमीटरमधली जमीन खाली घ्यायला लागला. पाच मीटर दहा. गवत खाली गेलं. रूळ तसेच वर अधांतरी राहिले, खाली काही नाही, सत्तावीस खांब हवेत उभे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने असलं काही कुणाच्या कामात बघितलं असतं तर कागद परत पाठवला असता. "अहो बाबा, काय करताय? तुमची लाईन बिघडेल." "बिघडू दे." त्याने यादीतलं पहिलं दुकान उचललं. ते बाणाच्या टोकाला लटकलं, आणि शेजारी आकडे पळायला लागले, मीटर, सेंटिमीटर, तीन-तीन दशांश. "शिंपी कुठे होता?" त्याने विचारलं. "सांग. जिथे होता तिथेच ठेवतो. अगदी तिथेच."

लेक पुढे वाकली. तिचा चेहरा त्याच्या खांद्याशी आला. ती पडद्यावरच्या त्या रिकाम्या खळग्याकडे खूप वेळ बघत होती, मनापासून बघत होती, हे त्याला दिसलं. "रस्त्याच्या... डावीकडे," ती म्हणाली. त्याने बाण डावीकडे नेला. "नाही. थांबा. विहीर आधी होती का?" मग ती मागे झाली. "नाही आठवत, बाबा. तेव्हा विचारलं असतंत तर डोळे मिटून सांगितलं असतं. आता खरंच नाही आठवत." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हलकाच, आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा, आणि उठली. "ठेवा कुठेही."

ती आत गेली. तो हाताखालचं बटण दाबून धरून बसला होता, सोडलं तर दुकान पडेल तिथेच राहिलं असतं. थोडं उजवीकडे नेलं, आकडे बदलले. थोडं मागे आणलं, आकडे बदलले. त्रेचाळीस वर्षं प्रत्येक आकड्याला त्याच्याजवळ वहीतला एक आकडा होता ताडून बघायला. याला नव्हता. मनगट दुखायला लागलं. स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या, जावई परत आला होता, आणि नात विचारत होती, आजोबा येत का नाहीत, काय करतायत?

"जागा बघतायत," लेक म्हणाली. "तू खाऊन घे. त्यांना वेळ लागेल."